मी सही केलेले वचन

मी एक जुना सहीचा शिक्का आहे. लाकडी मूठ आणि तळाशी रबरावर कोरलेली एक झोकदार सही, एवढाच माझा पसारा. मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या की आपण किती राबलो ते आधी सांगतात. मीही पुष्कळ राबलो. पण माझे काम मुळातच खोटे होते, हे सुरुवातीलाच कबूल करून टाकतो.

माझा जन्म आयर्लंडमधला, शॅननच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यातला. माझे मालक कोल्म हेडरमन हे नावाजलेले गायक. त्यांच्या संथ गाण्यांवर गावोगावच्या हॉलमध्ये जोडपी नाचत, आणि कित्येकांची लग्नेही तिथेच जुळली. चाहत्यांना सह्या देऊन देऊन मनगट भरून येऊ लागले, तेव्हा मालकांनी एका कोऱ्या कागदावर पाच सह्या केल्या आणि त्यातली तिसरी निवडून कारखान्यात पाठवली. तीच मी. त्यानंतर त्यांनी स्वतः एखाद्या फोटोवर सही केलेली मी तरी पाहिली नाही.

मला याचा गर्व होता, खोटे कशाला बोलू! माझा ठसा लोक चौकटीत बसवून येशूच्या तसबिरीशेजारी टांगत. मी फुशारून जाई. आपण कोणाच्या तरी न येण्याची सोय आहोत, हे काही तेव्हा माझ्या डोक्यात शिरले नाही.

२०१९ साली मालकांच्या मदतनीस म्हणून स्मृतीताई आल्या. मूळच्या नागपूरच्या. त्यांचे यजमान अंबरीश जवळच्याच एनिस गावच्या रुग्णालयात डॉक्टर. ताईंना पहिल्याच दिवशी नियम सांगितला गेला: प्रत्येक पत्राला मालकांच्या नावाने उत्तर द्यायचे, खाली शिक्का मारायचा, आणि उत्तर कोण लिहिते हे कोणालाही कळू द्यायचे नाही. तसे करारातच लिहिले होते. आधीचे मदतनीस मला तसाच शाईने बरबटलेला खणात टाकत. ताई मात्र काम झाले की मऊ फडक्याने माझे तोंड पुसत. माझ्या आयुष्यातले खरे लाड म्हणाल तर तेवढेच.

२०२० च्या मार्चमध्ये सगळे बंद झाले. मालकांचे कार्यक्रम रद्द झाले आणि ते समुद्राकाठच्या घरात दार लावून बसले. मी बिस्किटांच्या डब्यात बसून ताईंच्या घरी एनिसला आलो. स्वयंपाकघरातल्या कपाटात, ज्याला तिथे 'प्रेस' म्हणतात, हळदीच्या बरणीशेजारी माझी जागा झाली. पत्रे मात्र वाढली. ती मालकांच्या घरी येत आणि त्यांना आठवण होईल तेव्हा ते गठ्ठा बांधून पाठवत.

त्यात नोराआजींची पत्रे असत. वय चौऱ्याऐंशी. एनिसमधल्याच एका वृद्धाश्रमात, बागेकडच्या खिडकीच्या खोलीत त्या राहत. नवरा चाळिशीत मालकांच्या गाण्यावर नाचताना भेटलेला, आणि आता तोही नाही. त्यांना भेटायला कोणाला परवानगी नव्हती, आणि येणारेही कोणी उरले नव्हते. ताई त्यांना मनापासून उत्तर लिहीत. गावातून वाहणाऱ्या फर्गस नदीवरचे हंस आज कुठे दिसले ते लिहीत. नागपूरला आई एकटी होती आणि तिकडे जाता येत नव्हते, म्हणून असेल, पण प्रत्येक पत्राच्या शेवटी त्या विचारत, 'जेवलात का? काय जेवलात?' आपल्याकडे माणसाची विचारपूस तिथूनच सुरू होते. आपण असे लिहितो, हे त्यांच्या ध्यानातही येत नसे. आजी उत्तरात इमानेइतबारे सांगत, की बटाटे बरे होते, सूप मात्र गारढोण.

नोव्हेंबरमध्ये आजींनी लिहिले, 'बारा डिसेंबरला मला पंच्याऐंशी पूर्ण होतील. खिडकीबाहेर उभे राहून भेटायला आता परवानगी आहे. गाऊ नका, नुसता हात हलवा.'

ताईंनी लगेच मालकांना फोन लावला. मालक म्हणाले, "ग्रँड! येतो म्हणून सांग तिला."

ताईंनी तसे लिहिले आणि मला कागदावर दाबले. इतका स्वच्छ ठसा मी त्याआधी क्वचितच दिला असेल.

अकरा तारखेला मालकांचाच फोन आला. ताईंनी तो ओट्यावर ठेवून ऐकला. "नाही जमणार मला. केस पांढरे झालेत, पोट सुटलंय. तिला फोटोतला माणूस हवाय, आणि तो आता उरलेला नाही. नाताळानंतरचं बघू, असं लिही."

अंबरीश चहा गाळत होते. ते म्हणाले, "अगं, मग तूच जा ना. चौदा मिनिटं चालत."

"आणि काय सांगू? मी कोण?"

"सांग की पत्रं मी लिहिते."

"अरे, कॉन्ट्रॅक्टमध्ये क्लिअरली लिहिलंय! आणि कळल्यावर त्यांना काय वाटेल? एवढा एकच तर आधार आहे त्यांना."

ताई गेल्या नाहीत. त्यांनी दिलगिरीचे पत्र लिहिले, जानेवारीतली तारीख दिली आणि खाली पुन्हा मी. त्या पत्राला उत्तर आले नाही. जानेवारीत आजाराची लाट पुन्हा उसळली, खिडक्यांच्या भेटीही थांबल्या, आणि महिना सरताना वृद्धाश्रमातून मालकांकडे फोन आला की नोराआजी गेल्या. मालकांना खरेच वाईट वाटले. "बिचारी. आश्रमाला एक चांगलं कार्ड पाठव," म्हणाले. त्या कार्डावरही मीच उमटलो.

फेब्रुवारीत मालकांकडून गठ्ठा आला. त्यात तेरा डिसेंबरच्या तारखेचे नोराआजींचे पत्र होते. ते सहा आठवडे मालकांच्या दारातल्या टेबलावर पडून होते. ताईंनी ते उभ्याउभ्याच वाचले.

'काल मी निळा स्वेटर घालून अंधार पडेपर्यंत खिडकीशी बसले. कोल्म येणार नाही, हे मला मनातून ठाऊक होते. पोरी, पत्रे तू लिहितेस, हेही मला फार पूर्वीच कळले आहे. जेवलात का, असे मला कोल्म कशाला विचारील? माझ्या आईनंतर मला ते कोणीच विचारले नव्हते. तू हंस पाहतेस, म्हणजे इथेच जवळपास राहतेस. वाट मी तुझीच पाहत होते. तू येशील का? तुझे नाव काय?'

सकाळची वेळ होती. अंबरीश रात्रपाळी करून आले, मास्कचे वळ अजून गालांवर होते. टेबलावरची झाकलेली ताटली पाहून त्यांनी सहज विचारले, "जेवली नाहीस का काल?"

ताई त्या ताटलीसमोर बसल्या आणि लहान मुलासारख्या रडल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी कोरा कागद घेतला, त्यावर फक्त 'स्मृती' एवढे लिहिले, आणि तो कुठे पाठवायचा हे न कळून तशाच बसून राहिल्या.

वसंतात त्यांनी नोकरी सोडली. मालकांची सही आता संगणकच छापतो. मला परत कोणी मागितले नाही, की फेकलेही नाही. हळदीच्या बरणीमागे माझी न पुसलेली शाई वाळून खडा झाली आहे. ताई बरणी काढतात, पण माझ्याकडे पाहत नाहीत. मला राग येत नाही. पाहावे असे मी केले तरी काय आहे?

मित्रांनो, मला दुरुस्त करू नका, जपूही नका. जपायचेच असेल तर तुमच्या पत्राची वाट पाहणाऱ्या माणसाला जपा. त्याला जेवलास का विचाराल, तेव्हा खाली स्वतःचे नाव घाला. मला जन्मभर एकच नाव लिहिता आले. नोराआजींनी विचारले ते दुसरेच होते, आणि ते त्यांच्यापासून चालत चौदा मिनिटांवर होते.