आरशातली डावी बाजू

नुसतं ‘हो’ म्हणण्याच्या बदल्यात मिशीकाकांना भर बाजारातलं दुकान मरेपर्यंत मिळत होतं. कोणी उठवणार नाही, गळकं छप्परही मालक पदरचं घालून नीट करणार. सौदा इतका स्वस्त होता, की काकांचा वस्तरा मालकांच्या गालावर टेकता टेकता थांबला.

“मी काय खोटं बोल म्हणतोय?” फेसातून मालक बोलले. “तूच जबानी दिलीस, गाडी डावीकडून आली. म्हणजे माझा धाकटा सरळ चालला होता, पोस्टमनच उलटा घुसला. कोर्टात वाचून दाखवतील, तू ‘हो’ म्हण.”

“आणि धाकटा प्यायला होता ते?”

“वासाचा काय पुरावा असतो?”

“गाल फुगवा,” काका म्हणाले.

ती जबानीच चुकली होती, आणि तशी चूक केस कापणाऱ्याच्याच हातून व्हावी. सगळा जन्म रस्त्याकडे पाठ करून गेलेला. वराती, भांडणं, लोकांच्या सुना, सगळं काकांनी आरशातच पाहिलेलं. त्या दुपारीही एकाचे केस अर्धे उतरवले होते, तेवढ्यात आरशात डावीकडून धाकट्याची गाडी उधळत आली, पोस्टमनला सायकलसकट उडवून खांबावर आदळली. धाकटा उतरला, झोकांड्या खात थेट दुकानात शिरला आणि शेजारच्या खुर्चीत बसून म्हणाला, “काका, जरा दाढी करा ना.” तोंडाला दारूचा भपकारा. काका तसेच बाहेर धावले.

पोलीस येईपर्यंत मालकांनी पोराला घरी नेऊन निजवलं होतं. तपासणी झाली ती दारू उतरल्यावर. हवालदाराने दारात उभं राहून विचारलं, “गाडी कुठून आली?” काका खुर्ची पुसत होते. आरशाकडे बघतच म्हणाले, “डावीकडून.” हवालदाराने रस्त्याकडे बघत लिहून घेतलं. एकेरी रस्ता. दारातून पाहिलं, तर डावीकडून येणारी गाडी कायद्याची, उजवीकडून येणारी उलटी. काकांच्या एका शब्दाने बिचारा पोस्टमन इस्पितळात पडल्या पडल्या गुन्हेगार झाला होता.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. “मग मालकांना काय म्हणालात?”

“विचार करतो म्हणालो.”

“कसला विचार? गाडी कुठून आली त्याचा?”

“अगं, चारचौघांत सांगायचं, की मला डावं-उजवं कळलं नाही? आजवर एका गालाला ओरखडा नाही माझ्या हातून! लोक हसतील.”

“हसू देत. मिशी आहे ना लपायला?”

कोर्टात जबानी वाचून झाली. मालकांनी मान हलवून खूण केली. काका म्हणाले, “ते चुकलंय, साहेब. चूक माझी. मी आरशात बघून सांगितलं. दाराकडे तोंड केलं, की तीच बाजू उजवी होते. गाडी उलटी आली, आणि चालवणारा दारूने तर्र होता.”

“म्हणजे रोज वस्तरा धरणाऱ्या माणसाला डावं-उजवं कळत नाही?” मालकांच्या वकिलाने टोला हाणला. सगळं कोर्ट हसलं.

“त्या दिवशी नाही कळलं,” काका म्हणाले. “लिहून घ्या तसं.”

हसू ओसरलं, तसा मागून एकजण उठला. त्या दुपारी अर्ध्या केसांनी पळालेलं गिऱ्हाईक. “मीही तिथेच होतो, साहेब. वास मलाही आला होता.”

बाहेर आल्यावर बायकोने भर गर्दीत पदराने त्यांची मिशी पुसली. एरवी ती त्यांच्या दोन पावलं मागे चालायची. त्या दिवशी पुढे चालली, आणि भेटेल त्याला थांबवून सांगत सुटली, “आमचे हे चुकले हो!” जणू त्यांना बक्षीसच मिळालं होतं.

आता काका पिठाच्या गिरणीच्या जिन्याखाली बसतात. भिंतीवर आरसा नाही, गिऱ्हाइकाचं तोंड रस्त्याकडे. पोस्टमन दाढीला येतो. हातआरसा स्वतःच डाव्या हाताने धरतो, कारण उजवा वर होत नाही.

“हलवू नका हो,” काका दटावतात. “कान गेला तर मला विचारू नका कुठला.”

पोस्टमन हसतो, फेस उडतो.

धाकट्याचा परवाना गेला, वर थोडी कैद झाली. मालकांचं नाक गेलं. काकांचं दुकान गेलं, आणि त्याचं त्यांना फारसं वाटत नाही. ज्याने थेंबभरही घेतली नव्हती, त्याला मात्र दंड म्हणून उजवा हात भरावा लागला.