ढगळमास्तरांचा स्वतःचा सदरा

ढगळमास्तरांचं खरं नाव आठवायला त्यांच्या बायकोलाही थोडा वेळ लागायचा. ढगळ हे नाव गिऱ्हाइकांनी पाडलेलं, आणि ते उगाच पाडलेलं नव्हतं. उन्हाळी सदरा शिवावा तर मास्तरांनीच. एका वकिलाला त्यांनी असा सदरा शिवून दिला की दुपारची झुळूक डाव्या बाहीतून आत शिरली, आत वाट चुकली आणि दिवेलागणीला उजव्या बाहीतून जांभया देत बाहेर आली. एक निवृत्त इंजिनिअर होते. ते कोपऱ्यावर वळले तरी त्यांचा सदरा चार पावलं सरळच जायचा, मग चूक लक्षात आली की ओशाळून मागे फिरायचा. खोटं वाटत असेल त्याने इंजिनिअरांच्या बायकोला विचारावं. बिचारी दोनदा दार उघडायची.

असा सदरा अंगात गेला की माणसाची घाई गळून पडायची. लोक खुर्च्या बाहेर काढायचे, पाय लांब करायचे आणि एकच वर्तमानपत्र तीन दिवस पुरवून वाचायचे.

या सगळ्यांच्या निवांतपणासाठी मास्तर मात्र उन्हाळाभर मशीनला जुंपलेले. पंख्याने कापड उडतं म्हणून पंखा बंद. अंगात टेरिकॉटचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला, पाठीला पोस्टाच्या तिकिटासारखा चिकटलेला. संध्याकाळी उठायचे तेव्हा पाय इतके सुजलेले असायचे की स्वतःच्या चपला दुसऱ्या कुणाच्या वाटायच्या. बरं, दुकान बंद झालं तरी पाय थांबत नसत. झोपेतही पॅडल मारणं चालूच. सकाळी पलंग भिंतीपासून हातभर पुढे सरकलेला असायचा आणि बायको म्हणायची, "काय, काल किती मीटर शिवलंत?"

तिचं मागणं एकच होतं. तिच्या धाकट्या भावाचं घर तळ्याकाठी होतं, घरापुढे मोठा ओटा. तिथे आठ दिवस जायचं आणि दोघांनी नुसतं बसायचं. बघायचं काही नाही, करायचं काही नाही. मास्तर कधीच नाही म्हणाले नाहीत. म्हणायचे, "माझा एक सदरा होऊ दे, मग जाऊ. असल्या शर्टात तिथे काय कपाळ बसणार?"

सदरा दरवर्षी व्हायचाही. पण शेवटचं बटण लागायच्या आत दातांचे डॉक्टर दारात हजर. अंगाने काडी, पण नजर घारीची. "वा मास्तर, हा तर माझ्यासाठीच शिवल्यासारखा दिसतोय!" मास्तर इतके थकलेले असत की नाही म्हणण्यापेक्षा सदरा काढून देणं सोपं वाटायचं. असे अकरा उन्हाळे गेले. डॉक्टरांचं कपाट भरलं, तळं तिथेच राहिलं.

यंदा बायको भांडली नाही. सोमवारी जेवताना ताटात बघत म्हणाली, "शुक्रवारी एकच्या गाडीने मी निघणार आहे. दोन तिकिटं काढलीत. तुम्ही आलात तर तुम्ही, नाहीतर शेजारी पिशवी बसेल."

"अगं, पण सदरा..."

"पिशवीला सदरा लागत नाही."

ती रागावली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं. राग समजावता येतो. पण तिचा आवाज नुसता दमलेला होता.

गुरुवारी त्यांनी फिकट निळं, जुन्या उशीच्या अभ्र्यासारखं मऊ सुती कापड काढलं आणि कात्री लावली. कात्रीचा आवाज कानावर गेल्यासारखे डॉक्टर आलेच.

"मास्तर, रंग काय छान आहे हो!"

"डॉक्टर, हा माझा आहे."

"दरवर्षी असंच म्हणता तुम्ही," डॉक्टर हसले.

"यंदा खरं म्हणतोय."

डॉक्टरांनी कापड चिमटीत धरून पाहिलं. मग म्हणाले, "हरकत नाही. उद्या दुपारी चक्कर टाकतो. तोपर्यंत विचार बदलला तर..." मास्तरांनी मान खाली घातली आणि मशीन सुरू केलं. चाळीस वर्षांत गिऱ्हाइकाला नाही म्हणायची सवय नव्हती. एवढंसं बोलून दोन पँटी शिवल्याइतका थकवा आला.

शुक्रवारी पावणेबाराला शेवटचं बटण लागलं. मास्तरांनी दार लोटलं, टेरिकॉट सोलून काढला, दोन्ही हात वर करून नवा सदरा डोक्यातून घातला आणि तिथेच अडकले. सदरा खांद्यांवर बसला तो बसलाच. खाली येईना, वर जाईना. हात आकाशाकडे, तोंड कापडात. फिकट निळा उजेड आणि आपलाच श्वास, याखेरीज काही नाही. ओढाताण करून करून मास्तर दमले आणि तसेच स्टुलावर बसले. बसल्या बसल्या त्यांना वाटलं, इथे बरं आहे. कुणी काही मागत नाही.

साडेबाराला बायको दोन पिशव्या घेऊन आली.

"अहो! हे काय? शरण गेलात की काय कुणाला?"

"सदरा होत नाहीये," आतून आवाज आला.

"माप कुणी घेतलं?"

"माझं माप मला पाठ आहे. वहीच्या पहिल्या पानावर आहे."

तिने वही उघडली. पहिल्या पानावर मास्तरांच्या उस्तादाच्या अक्षरात एक माप होतं. मास्तर काम शिकायला लागले त्या दिवसाचं, छाती एकोणतीस. चाळीस वर्षं त्यांनी गावभराच्या अंगाला टेप लावली, पण स्वतःला कशी लावणार? वाकलं की माप हलतं. आणि दुसऱ्याला सांगायला तेवढी उसंत कुठे होती?

"एकोणतीस!" बायको पिशवीवरच बसली. हसू आवरेना. "अहो, अकरा वर्षं तुम्ही डॉक्टरांनाच शिवत होतात! त्यांच्यासाठीच शिवल्यासारखा दिसतो म्हणत होते, ते काय खोटं?"

आतून अगदी बारीक आवाजात मास्तर म्हणाले, "तू जा. गाडी चुकेल. पुढच्या वर्षी नीट शिवतो."

तिचं हसू थांबलं. तिने घड्याळाकडे पाहिलं नाही. मोठी कात्री उचलली आणि सदऱ्याच्या दोन्ही कुशी खालून थेट काखेपर्यंत उभ्या फाडल्या. सदरा सुटला, खाली आला. मास्तरांचं तोंड बाहेर आलं, लाल झालेलं, केस विस्कटलेले.

"अगं, शिवण! दुहेरी शिवण होती ती!"

"गप्प उभे राहा. माप घेते."

"आत्ता? आता कशाला?"

"कुणीतरी घ्यायला नको?"

तिने टेप त्यांच्या छातीभोवती फिरवली. तिचे हात सावकाश होते, तिला त्या कामाची घाई माहीतच नव्हती. टेप लावली की माणूस पोट आत घेतो, हे मास्तरांना हजारो अंगांवरून माहीत होतं. आपणही घेतलंय, हे मात्र त्यांच्या ध्यानात नव्हतं.

"श्वास सोडा," ती म्हणाली.

मास्तरांनी सोडला. तो श्वास किती दिवसांचा होता देव जाणे. आधी टेबलावरच्या चिंध्या उडाल्या, मग खडूची भुकटी, मग वहीची पानं उलटत उलटत शेवटपर्यंत गेली. लोटलेलं दार आपोआप उघडलं आणि समोरच्या दुकानाची पाटी करकरली. श्वास संपेचना. बायको टेपची दोन टोकं धरून शांत उभी होती. स्टँडवर एकची गाडी आली, भरली, गेली, आणि मास्तर अजून सोडतच होते.

"त्रेचाळीस," शेवटी ती म्हणाली.

"गाडी गेली का गं?"

"गेली. पाचला आहे दुसरी."

"मग चार तास... करायचं काय?"

"काही नाही," ती म्हणाली. तिने बाकडं दाराबाहेर सावलीला ओढलं.

ती बसली. मास्तर शेजारी बसले, फाटक्या कुशीच्या सदऱ्यात. थोडा वेळ पाय आपले पॅडल मारत राहिले. तिने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. पाय हळूहळू थांबले. मास्तरांची मान तिच्या खांद्यावर कलली.

दोनला डॉक्टर आले. सदऱ्याकडे पाहून त्यांचे डोळे चमकले. "मास्तर! दोन्ही बाजूंनी उघडा? ही कल्पना..."

"डॉक्टर, आठ दिवसांनी या," बायको हळू आवाजात म्हणाली. "आणि जाताना दार ओढून घ्या, आतली भुकटी बाहेर येतेय."

"कोण होतं?" मास्तरांनी डोळे न उघडता विचारलं.

"कुणी नाही."

पाचची गाडी आली तेव्हा दोघं उठली. पिशव्या तिच्याकडे एक, त्यांच्याकडे एक. स्टँड समोरच, पन्नास पावलांवर. कंडक्टर दारात लटकून ओरडला, "चला, चला, लवकर!" ड्रायव्हरने हॉर्न दिला. मास्तरांनी ऐकलं, मान डोलावली आणि चालत होते तसेच चालत राहिले. कंडक्टर पुन्हा ओरडला. बायकोने मध्येच थांबून चपलेतला खडा काढला, तर मास्तरही थांबले.

शेवटी ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.