पुलावरच्या लढाईची बंदूक

मार्चमधल्या एका मंगळवारी दुपारी बोर्गहिल्ड रुस्टेन बंदूक जुन्या पलंगपोसात गुंडाळून ओडमुन स्लेत्तेनच्या कारखान्यात आली. बाहेर बर्फाचा चिखल झाला होता.

"बूट काढू का रे?"

"असू द्या, बाई. इथे सगळा लोखंडाचा कीसच आहे."

ओडमुन अठ्ठावन्न वर्षांचा होता. पन्नास वर्षांपूर्वी ती गावच्या शाळेत शिकवायची तेव्हा तो तिच्या वर्गात होता, आणि त्या वर्गातल्या बाकी सगळ्यांसारखा अजूनही तिला बाईच म्हणत होता. युद्धातल्या बंदुका उघडायच्या, त्या कधी आणि कुठे बनल्या ते ठरवायचं, किंमत लिहून द्यायची, हा त्याचा धंदा. ओस्लोचे संग्राहक त्याच्या सहीवर डोळे मिटून विश्वास ठेवत.

तिला किंमत नको होती, कागद हवा होता. १९४० च्या एप्रिलमध्ये गावच्या पुलावर ज्यांनी दोन दिवस जर्मनांना अडवलं, त्यांची अकरा नावं चर्चजवळच्या दगडावर होती. तिच्या वडिलांचं, तारालचं, त्यात नव्हतं. त्या लढाईत मेलेल्या जर्मनाच्या हातातून ही बंदूक घेतली, असं ताराल शेवटपर्यंत सांगत आला. यंदा लढाईला पंच्याहत्तर वर्षं होत होती, आणि समितीने बारावं नाव कोरायचं कबूल केलं होतं. अट एकच: बंदूक चाळीस सालची किंवा त्याआधीची आहे, असं ओडमुनने लिहून द्यावं. पाथरवट सोमवारी येणार होता.

ओडमुनने आधी क्रमांक पाहिले. नळीवर आणि मागच्या सरकत्या बोल्टवर एकच.

"कुणी काही बदललेलं नाही. असं दहात एक निघतं."

"आमच्या घरात वस्तू नीट ठेवतात. तुझ्या दप्तरासारखं नाही."

तो हसला आणि बंदूक दिव्याखाली वळवली. काडतूस बसतं त्यावरच्या जाड पोलादी कड्यावर कारखान्याची अक्षरं असतात, खाली वर्ष. अक्षरं होती. वर्षाच्या जागी पोलाद गुळगुळीत होतं. त्याने नखाने चाचपलं, मग भिंग लावलं.

"बाई, हे कुणी घासलं?"

"बाबा दर रविवारी साफ करायचे. गंज असेल."

"फडक्याने पोलाद झिजत नाही. ही कानस आहे. बंदूक वाइसच्या जबड्यात पकडून एका बैठकीत घासली आहे, आणि वरून काळं लावलंय. काम चांगलं आहे."

"बाबांचा हात चांगलाच होता," ती म्हणाली.

त्याने दोन स्क्रू काढून नळी दस्त्यातून उचलली. लाकूड धरणाऱ्या पट्ट्या पत्रा दाबून बनवलेल्या आणि डाग देऊन जोडलेल्या होत्या. आधीच्या पट्ट्या अख्ख्या पोलादातून कापून घडवत. पुढे संगीन अडकवायचा खुंट मुळातच नव्हता. युद्धाच्या शेवटी जर्मनांना तो बसवायलाही वेळ उरला नव्हता. ओडमुनने दोन्ही गोष्टी तिला दाखवल्या. घाई केली नाही, आडपडदाही ठेवला नाही.

"चव्वेचाळीसचा हिवाळा. फार तर पंचेचाळीसची सुरुवात."

"मग बाबांकडे आली कुठून?"

"पंचेचाळीसच्या मे महिन्यात शरण आलेल्या जर्मनांनी लाकूडकापणीच्या गिरणीमागे हत्यारांचे ढीग लावले होते. ज्याला हवं त्याने उचललं."

"नाहीतर?"

"नाहीतर मला ठाऊक नाही. बंदूक एवढंच सांगते."

ती पलंगपोसाची घडी घालू लागली. मोडली, पुन्हा घातली.

"वर्ष वाचता येत नाही, हे खरं ना? मग तेवढंच लिही. समिती समजून घेईल. खोटं तर नाही ते."

"खोटं नाही, बाई. अपुरं आहे."

"तू मोठा शहाणा! सातचा पाढा तुला ईस्टरपर्यंत येत नव्हता."

"नाताळापर्यंत."

"नाताळानंतरही नव्हता."

त्याने छापील कागद ओढला आणि लिहिलं: वर्षाचा ठसा कानशीने घासून काढलेला. पट्ट्या आणि नळीच्या पुढच्या टोकावरून १९४४ च्या शेवटच्या महिन्यांपूर्वीची नाही. किंमत आठ हजार क्रोनर. ठसा असता तर तीस हजार. सही केली, तारीख घातली आणि कागद तिच्याकडे सरकवला.

तिने तो दोनदा वाचला.

"म्हणजे ही माझ्याहून तीन वर्षांनी लहान," ती म्हणाली. "मला मांडीवर घेऊन सांगायचे रे. पूल, धुकं, त्या जर्मनाच्या बुटाची तुटलेली नाडी. नाडीसुद्धा सांगायचे." मग तिने विचारलं, "घासायला किती वेळ लागला असेल?"

"तासभर."

"त्या तासात आई कुठे होती कोण जाणे."

तिने पर्समधून फोन काढला आणि समितीच्या अध्यक्षांना लावला.

"गुडलेइक, बोर्गहिल्ड बोलतेय. पाथरवटाला येऊ नको म्हणून सांग." पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. "नाही रे, पुरावा हरवला नाही. मिळाला."

कागद तिने पर्समध्ये ठेवला. बंदूक टेबलावर उघडीच पडली होती; तिने तिकडे पाहिलं नाही.

"जोडून देतो, दहा मिनिटं."

"राहू दे."

बसला चाळीस मिनिटं होती. ती थांब्यावर जाऊन उभी राहिली. आत येऊन बसा म्हणायला ओडमुन दारापर्यंत गेला, काचेतून तिची पाठ पाहिली आणि परत फिरला.