ओ का नाही दिलीस

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप करून पुसलं. मित्राची चूक आपण कशाला चव्हाट्यावर मांडायची? पण तोच म्हणाला, लिही.

तो जंगलखात्यात गार्ड. मी त्याच ऑफिसची जीप चालवतो. त्याचा आवाज असा, की सगळे त्याला भोंगा म्हणतात. बायकोसुद्धा. दरवर्षी शाळेत जाऊन पोरांना सांगतो: हरवलात तर चालत सुटू नका, उतार दिसला म्हणून उतरू नका. एक झाड धरा आणि गप बसा. आम्ही शोधत येतो.

गेल्या महिन्यात त्याच शाळेच्या सहलीतली सात वर्षांची मुलगी हरवली. सकाळी दहाला. ऊन मरणाचं. आम्ही अठरा जण रांग धरून निघालो. भोंगा तिच्या नावानं हाका मारत पुढे. हरवलेलं पोर उताराला लागतं, हा त्याचा अनुभव, म्हणून ओढ्याच्या कडेनं पार लांब गेलो. आईला फोन गेला होता. मी पाणी न्यायला मधेच जीपपाशी आलो, तर ती येऊन उभी. बाटली दिली, ती तिनं नुसती धरून ठेवली.

तीनला परत येताना, भोंगा पुढे निघून गेल्यावर, मागच्या एकाला दप्तर दिसलं. वाटेपासून वीस पावलांवर, झाडाला टेकून मुलगी. अंग तापलेलं, ओठ फुटलेले, दोन्ही हात तोंडावर.

भोंगा गुडघ्यावर बसला. "अगं, इतका बोंबललो मी. ऐकू नाही आलं?"

"आलं."

"मग ओ का नाही दिलीस?"

"तुम्हीच सांगितलंत ना काका, गप बसा म्हणून."

दोन दिवस सलाईन लागलं. बरी झाली. आई आभार मानायला ऑफिसात आली तर हा मागच्या दारानं सटकला. शाळेत दुसऱ्याला पाठवा म्हणून साहेबांच्या मागे लागला. साहेब म्हणाले, दुसरा आहे कोण?

काल चहा पिताना बोलला. आमच्या घरी गप बस म्हणजे हलू नकोस, एवढंच. दुसरा अर्थ डोक्यातच आला नाही. मी म्हटलं, पोर जिवंत आहे ना, झालं तर.

"दोनदा गेलो रे तिच्यासमोरून. ती बघत होती आम्हाला."

मग कप बाजूला ठेवला. आता सांगायचं, जागा सोडू नका, पण हाक आली की ओ द्या. पाठ करतोय म्हणाला. पण जिभेला जुनं वळण आहे.

"सोमवारी शाळेत चल. मागच्या बाकावर बस. चुकलो तर तिथंच अडव मला. पोरांसमोर."

म्हटलं, अडवीन.