लाल माळा, निळ्या माळा

भूमेश्वरीच्या पीएच.डी.चा सगळा डोलारा एका वाक्यावर उभा होता: ही दोन प्लास्टिकं वितळवली की एकजीव होतात. पुढच्या आठवड्यात नागपूरला तोंडी परीक्षा होती आणि तिथे हे वाक्य तिला छातीठोकपणे म्हणायचं होतं.

पुरावा कॉम्प्युटरचा. प्लास्टिकच्या एका साखळीत अणू इतके, की सगळ्यांचा हिशेब ठेवायचा तर कॉम्प्युटरही मेटाकुटीला यावा. म्हणून अणूंचा एकेक पुंजका म्हणजे एक मणी धरायचा आणि मण्यांच्या माळा हलवून बघायच्या. एका प्लास्टिकच्या लाल, दुसऱ्याच्या निळ्या. सुरुवातीलाच दोन्ही कालवून टाकायच्या, थोडा वेळ हलू द्यायच्या आणि मार्गदर्शक सरांनी ठरवून दिलेल्या वेळी थांबवायच्या. दर वेळी चित्र छान मिसळलेलं. पोरगी खूश, सर त्याहून खूश.

शेवटचा प्रयोग कॉलेजच्या मशीनवर लावून ती चुलतबहिणीच्या लग्नाला आपल्या गावी, गोरेगावला आली. थांबवायची वेळ झाली तेव्हा नेमकी हळद चालू होती. तिने लॅपटॉप उघडला मात्र, तिची आई जमुनाबाई कडाडली, "लगनाच्या घरी काऊन तो डब्बा घेऊन बसली? पाहुणे पाहून राहिले ना!" लॅपटॉप थेट कपाटात आणि किल्ली आईच्या कमरेला. जमुनाबाईंपुढे बोलायची कोणाची टाप होती?

नवरी सासरी गेली तेव्हा कुठे किल्ली मिळाली. प्रयोग अजून चालूच होता. चित्र उघडलं आणि भूमेश्वरीच्या पायाखालची जमीनच सरकली. एका बाजूला सगळ्या लाल, दुसऱ्या बाजूला सगळ्या निळ्या. मधोमध दोन शेतांमध्ये धुरा घातल्यासारखी रेघ.

म्हणजे मिसळत काहीच नव्हतं! आपणच आधी कालवून ठेवायचो आणि वेगळं व्हायच्या आत थांबवायचो. इतकी वर्षं आपण खोटं सांगत आलो, तेही मान ताठ ठेवून!

तिने सरांना फोन लावला. "सर, माळा वेगळ्या होऊन राहिल्या. आपण फार लवकर थांबवत होतो."

"माहीत आहे मला," सर शांतपणे म्हणाले. "म्हणून तर तिथे थांबवायला सांगितलं होतं. पुढचं पुसून टाक."

आपली चूक तिने कशीबशी गिळली असती, पण हे घशाखाली उतरेना. याच माणसाला ती गुरू मानत आली होती.

"नाही पुसत मी," ती शेवटी म्हणाली. "परीक्षकांना पूर्ण दाखवीन."

"मग पदवी विसर." फोन बंद झाला.

बाहेर मांडवात जमुनाबाई पाहुण्यांना सांगत होत्या, "पुढच्या हप्त्यात आमची पोरगी डाक्टर होऊन राहिली."