दत्तोबांच्या मोटारीसमोर

दत्तोबांनी मोटारीखालून डोकं बाहेर काढलं, तर समोर पायच पाय. पायांवरूनच त्यांनी माणसं ओळखली. टाचेला चिंधी बांधलेला तो गाडीवान भीमा. मळ्यातला चिखल वाळलेले ते पाय समोर राहणाऱ्या फुलाबाईचे. तिच्यामागे ठमाबाई, आणि तिच्याही मागे गल्लीतली उरलेली बिऱ्हाडं. मोजून अकरा माणसं.

"तात्या, अर्ज लिवायचा हाय," फुलाबाई म्हणाली.

दत्तोबा सावकाश बाहेर आले. फडक्याला हात पुसले, टोपी झटकून डोक्यावर ठेवली. कालवा खात्यात बावीस वर्षं कारकुनी केलेला माणूस तो. गल्लीतला एक कागद त्यांच्या हाताशिवाय कधी कचेरीत गेला नव्हता. कुणाची पाण्याची पाळी चुको, कुणाचा दाखला अडो, लिहायचं ते दत्तोबांनी. फुलाबाईच्या पोरीचं, झुंबरचं, आखितीला लग्न होतं, त्या पत्रिकेचा मजकूरही दोन महिन्यांपूर्वी त्यांनीच बसवून दिला होता.

"कुणाविरुद्ध?" त्यांनी विचारलं.

भीमा आभाळाकडे बघायला लागला. ठमाबाईला एकदम खोकला आला.

"ह्या मोटारीविरुद्ध," फुलाबाईच बोलली. "दुसऱ्याकडनं लिवून घेतला असता. पर तुमच्या पाठीमागं कशाला, म्हनलं."

आता बोला! चोरानं घरमालकालाच शिडी मागावी, तसली ही तऱ्हा. पण फुलाबाईचं तरी काय चुकलं? नवरा गेल्यावर कालव्याकडेच्या अर्ध्या एकरात वांगी-गवार पिकवून तिनं पोर वाढवली. शेळगावच्या बागाईतदाराचं स्थळ चालून आलं. मांडव दारात पडायला पाहिजे, आणि दारात पाच वर्षं ही मोटार. चाकं काढून विटांवर ठेवलेली. पाडव्याला सुरू करतो म्हणाले होते दत्तोबा. पाडवा होऊन पंधरा दिवस झाले तरी इंजिनाचे निम्मे भाग अजून त्यांच्या बायकोच्या, कुशाबाईच्या, परातीत रॉकेल पीत पडले होते.

"बैल आनतो की," भीमा हळूच म्हणाला. "चाकं बसवू, वढून न्हेऊ, लगीन झालं की परत आनू."

"माझी मोटार बैलामागं जाणार न्हाय."

हे ते पाचव्यांदा म्हणाले असतील. त्याला कारण होतं. ही मोटार कालव्याच्या गोऱ्या साहेबाची. साहेब पुढं मोटारीत, आणि दत्तोबा मागं सायकलवर, काखेत दप्तर. कालव्याच्या रस्त्याची धूळ त्यांनी बारा वर्षं खाल्ली. साहेब विलायतेला गेला, मोटार मोडकळीला आली, लिलावात निघाली, आणि दत्तोबांनी ती घेतली. त्या दिवशी त्यांनी चारचौघांत सांगितलं होतं, ही चालेल तर स्वतःच्या जिवावर आणि माझ्या हातानं चालेल. दिला शब्द तो दिला.

"बसा," दत्तोबा म्हणाले.

ओट्यावर बैठक घातली, दौत-टाक काढला आणि अर्ज लिहायला घेतला. फुलाबाईनं मांडवाचं तेवढं सांगितलं. दत्तोबांनी विचारलं, "पाण्याची टाकी घेऊन बैलगाडी वळत न्हाय, ते न्हाय का घालायचं? मागच्या पावसाळ्यात मोटारीखाली साप निघाला होता, ते?"

"न्हाय तात्या, त्येवडं नगं..."

"अर्ज करायचा तर पक्का करायचा."

मोत्यासारख्या अक्षरात दोन पानं भरली. मग मोठ्यानं वाचून दाखवली, एकदा नव्हे, दोनदा. त्यांचा नेमच होता तो. आधी मजकूर, मग अंगठा. कोऱ्या कागदावर अंगठा दिला की माणूस संपला, हे त्यांनी गल्लीत इतक्यांदा बजावलं होतं की मांजरानंसुद्धा कोऱ्या कागदावर पाय ठेवला नसता. अकरा अंगठे ओळीनं उठले. माणसं खाली मान घालून गेली.

"सोताच्या पायावर धोंडा पाडून घेतला की तुमी," कुशाबाई आतून म्हणाली.

"मग काय कच्चा अर्ज लिहू? मी काय शिकाऊ हाय?"

अर्ज इतका चोख, की तिसऱ्या दिवशी नगरपालिकेचा शिपाई नोटीस घेऊन हजर. आठ दिवसांत मोटार हलवावी, नाहीतर जप्त होईल. दत्तोबांनी नोटीस वाचली, अर्जातली आपली दोन वाक्यं तिच्यात जशीच्या तशी उतरलेली बघून त्यांना जरा बरंही वाटलं. मग बाह्या सारल्या.

आठ दिवस नवरा-बायकोनं दम खाल्ला नाही. कुशाबाई परातीतले भाग पुसून हातात द्यायची, आणि कुठला कुठं बसतो हे एव्हाना तिलाही पाठ झालं होतं. सातव्या दिवशी चाकं बसली. भीमानं लाजत लाजत येऊन हँडल मारलं, आणि पाचव्या हिसड्याला मोटार खाकरली, थरथरली आणि चालू झाली! सगळी गल्ली दारात आली. ज्यांनी अंगठे दिले होते तीच माणसं टाळ्या पिटत होती. दत्तोबांनी गिअर टाकला. मोटार जागची हलेना. दुसरा टाकला, तिसरा टाकला. पुढच्या गिअरांचे दात केव्हाच झिजून गेले होते. शेवटी त्यांनी मागचा गिअर टाकला आणि मोटार सुळकन मागं गेली.

"उलटी चालतीया की वो," ठमाबाई म्हणाली.

"चालती ना?" दत्तोबा म्हणाले.

आठव्या दिवशी ते मोटार घेऊन निघाले. कुशाबाई मागून "येऊ द्या, येऊ द्या" करत वाट दाखवत होती आणि मोटार तोंड गल्लीकडं ठेवून मागं मागं सरकत होती. देवळातून निघताना माणूस देवाला पाठ दाखवत नाही, तसे दत्तोबा आपल्या गल्लीतून बाहेर पडले. कुणी हसलं नाही. इंदापूरच्या रस्त्याला, गावाबाहेरच्या वडाखाली त्यांनी मोटार उभी केली. कुणाचा बैल लागला नाही, कुणाचा हात लागला नाही. पोटातलं सांगायचं तर त्या दिवशी त्यांची छाती वीतभर फुगली होती. आणि घरी येऊन रिकामी जागा बघितल्यावर त्यांना जेवण गेलं नाही, हेही खरंच.

आखितीला दारात मांडव पडला. दत्तोबा मांडवात गेले नाहीत. "मोटारीपाशी कुणीतरी पाहिजे," म्हणून कुशाबाईला पाठवलं आणि आपण वडाखाली जाऊन बसले. मोठा मानी माणूस. रुसलोय असं काही म्हणाले नाहीत.

दुपार कलल्यावर ते मोटारीसाठी पाणी आणायला लांबच्या विहिरीवर गेले. बादली घेऊन परत येतात तो काय, मोटारीभोवती सात बैलगाड्या सोडलेल्या! बायका सावलीला, नवरदेव मुंडावळ्या बांधून मोटारीच्या पायरीवर टेकलेला, आणि लाल फेट्याचे एक गृहस्थ मोटारीला फेऱ्या घालत होते. ते नवरदेवाचे वडील, शेळगावचे आबासाहेब.

"ही दत्तोबांचीच मोटार न्हवं?" आबासाहेबांनी विचारलं.

"व्हय. मीच दत्तोबा."

"मग मांडव कुठं हाय?" त्यांनी खिशातून पत्रिका काढून पुढं धरली. "वाचा! 'दत्तोबांच्या मोटारीसमोर, बारामती.' मोटार हाय. समोर काय हाय? बाभळ! आमी काय बाभळीशी सोयरीक केली?"

दत्तोबांनी पत्रिका हातात घेतली. वाक्य त्यांचंच. पत्ता काय घालू, असं त्यांनीच विचारलं होतं, आणि फुलाबाई म्हणाली होती, "घाला की, तुमच्या मोटारीसमोर. आंधळा बी यील." ते ऐकून ते असे खूश झाले होते, की ती ओळ त्यांनी जाड अक्षरात घालायला सांगितली. पुढं अर्ज, नोटीस, इंजिन यांच्या रगाड्यात फुलाबाईला नाही आठवलं आणि त्यांनाही नाही आठवलं. कानामात्रा तपासणारा माणूस, आणि आख्खं लग्न चुकीच्या पत्त्यावर धाडून बसला.

"अर्धा तास झाला," आबासाहेबांचा आवाज चढला. "वाजंत्री न्हाय, गूळपानी न्हाय. वऱ्हाड वेशीवर भिकाऱ्यावानी बसलंय. गरिबाची पोर केली, तर मान बी राखू नये? जुंपा रं गाड्या! माघारी जायाचं!"

दोघं-तिघं खरंच बैलांकडं वळले. खरं सांगायचं तर दत्तोबांना एक वाक्य पुरलं असतं. त्या बाईनंच अर्ज करून मला इथं घालवलं, एवढंच. त्यात अक्षर खोटं नव्हतं. मग वऱ्हाड खुशाल माघारी गेलं असतं. त्यांच्या डोळ्यांपुढं झुंबर आली, परकर सावरत मोटारीच्या बाकावर कुरडया वाळत घालणारी.

"आबासाहेब," ते म्हणाले, "मोटार हितं फुलाबाईनंच उभी करवलीया. जावयाला वेशीवरनं मोटारीत बसवून न्यायचा बेत हाय तिचा. मी जरा पाणी आणायला गेलो, तेवढ्यात तुम्ही आलात. चूक झाली ती माझी."

बावीस वर्षांत ज्यानं एक खोटी ओळ लिहिली नाही, तो माणूस हे बोलला, आणि सरळ तोंडानं बोलला.

आबासाहेबांचा फेटा जरा खाली आला. "मोटारीतनं?" त्यांनी मागं वऱ्हाडाकडं बघितलं. सगळ्यांनी ऐकलं होतं.

"मोटारीतनं. मात्र नवरदेवाचं तोंड वऱ्हाडाकडं राहणार. मोटार उलटी न्यायची."

"उलटी?"

"आमच्या गल्लीची रीत हाय तशी."

एकदा खोटं बोललं की दुसरं आपोआप येतं म्हणतात, ते असं.

वऱ्हाडातल्या एका पैलवानानं हँडल मारलं. वडाला अर्धी प्रदक्षिणा घालून मोटार गावाकडं निघाली, शेपूट पुढं आणि तोंड मागं. मागच्या बाकावर नवरदेव ताठ बसला होता आणि त्याच्यासमोरून सगळं वऱ्हाड त्याच्याकडं बघत चालत होतं. गल्लीच्या तोंडाशी फुलाबाई वाटेला डोळे लावून उभी होती, रडायची तेवढी बाकी. गोरज मुहूर्ताला घटकाभर उरली होती.

"अगं बया!" ठमाबाई ओरडली. "नवरदेव पाठमोरा आला!"

"आला न्हवं? मग झालं तर," फुलाबाई म्हणाली आणि भाकरतुकडा आणायला धावली.

ओवाळून झाल्यावर आबासाहेब हात जोडून तिला म्हणाले, "ताई, तुमी आमचा मान राखला. वेशीवर मोटार धाडली. शेळगावात आजवर कुनाच्या लग्नात मोटार आली न्हवती."

फुलाबाईला काही समजेना. तिनं दत्तोबांकडं बघितलं. दत्तोबांनी मोटारीचं झाकण उघडून आत डोकं घातलं होतं आणि ते काही केल्या बाहेर काढत नव्हते. मग तिला समजलं.

"आमच्या गल्लीची मोटार हाय ती," ती आबासाहेबांना म्हणाली. 

लग्न झालं. झुंबर सकाळी सासरी गेली. आणि दत्तोबांच्या ध्यानात आलं, की आपण पुरते अडकलो. मोटारीचं तोंड रस्त्याकडं, शेपूट मांडवाला टेकलेलं, आणि मोटार चालते फक्त मागं. मांडव उतरायला दोन दिवस. नगरपालिकेचा शिपाई मोटार हलली का ते बघायला अकराला येणार. त्यानं ती इथं बघितली की जप्ती.

दत्तोबा बराच वेळ मोटारीजवळ उभे राहिले. मग भीमाच्या दारात गेले. घसा खाकरला.

"भीमा, बैल आण."

भीमा जागचा उठला नाही.

"ऐकलं न्हाय का? ओढून ने तिला. कायदा म्हणजे कायदा."

"बैलं न्हाईत मोकळी," भीमा म्हणाला. बैल त्याच्या मागंच दावणीला रवंथ करत उभे होते.

तेवढ्यात फुलाबाई आली. तिच्या मागं कालच्या लग्नातली जागरणानं तांबारलेली सगळी गल्ली. तिनं पदराखालून एक कागद काढून दत्तोबांच्या हातात दिला. कागद कोरा होता. वर काही नाही, मध्ये काही नाही. खाली फक्त अंगठे. लग्नाच्या कढईची काजळी लावून उठवलेले.

दत्तोबा भडकले. "कोऱ्या कागदावर अंगठे? इतकी वर्षं मी काय घसा फोडला? अक्कल गहाण टाकली काय सगळ्यांनी?"

"घसा फोडला म्हनूनच," फुलाबाई म्हणाली. "कुनाफुडं द्यायचा न्हाय, ते कळलं. कुनाफुडं द्यायचा, ते बी कळलं. आता काय लिवायचं ते तुमी लिवा."

दत्तोबांनी अंगठे मोजले. सवयीचाच भाग. बारा भरले.

"अर्जावर अकरा होते. हा बारावा कुणाचा?"

"झुंबरचा. सासरी निघताना दिऊन गेली."

दत्तोबांनी ओट्यावर जाऊन बैठक घातली, कागद मांडीवर घेतला, चष्मा पुसला, परत पुसला. टाक दौतीत बुडवला आणि वर सुबक अक्षरात 'विनंती अर्ज' एवढं लिहिलं. पुढं हात चालेना. शेकडो अर्ज लिहिलेला माणूस, पण स्वतःसाठी कधी काही मागितलं नव्हतं. सगळी गल्ली समोर उभी होती, आणि मोटारही.

कुशाबाईनं दौत जरा जवळ सरकवली.

"अवं," ती म्हणाली, "टाकाची शाई वाळाया लागली."