काळ्या थराखालची चांदी

लाम पहिल्यांदा दियेपच्या औषधाच्या दुकानात आला तो खाजवतच. दोन्ही हात कोपरापर्यंत सुजलेले, डोळे मिचमिचे. चित्रासाठी वापरायचा लाखेच्या झाडाचा चीक उतला होता, बिब्बा उततो तसा. मलम देता देता दियेप म्हणाली, "एवढं उततं तर दुसरा धंदा बघा की!"

"बायको रागावते म्हणून कुणी घर बदलतं का?" लाम म्हणाला. झालं, तिथून ओळख.

हनोईच्या त्या गल्लीत दुकानासमोरच चहाची टपरी होती. दुपारची झोप आटोपली की लाम तिथल्या बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलावर येऊन बसे आणि शेजारी क्वी, लाकडावर कोरून चित्रं छापणारा. दोघं सूर्यफुलाच्या बिया फोडत भांडत. गिऱ्हाईक नसलं की दियेप, क्वीच्या भाषेत 'गोळीबाई', जाऊन बसे, आणि असलं तरी कान तिकडेच. चित्रातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण ही दोन माणसं घरचं, पोराबाळांचं, दुखण्याखुपण्याचं चकार शब्द बोलत नसत. बोलत ते फक्त कामाचं, आणि त्यातूनच ती दोघं तिला कळत गेली. क्वी म्हणे, कोरताना चुकलं तर रडत बसायचं नाही, तेवढा तुकडा काढून टाकायचा आणि दुसरा बसवायचा. लाम लगेच म्हणे, "लग्नंही तशीच केलीस तू, दोन." क्वी हसे, पण मग बराच वेळ बिया फोडायचा थांबे.

लामचं काम उलट्या काळजाचं. सगळ्यात सुंदर ते फळीवर आधी घालायचं, चांदीचा वर्ख, बदकाच्या अंड्याची कवचं, शेंदरी रंग. मग त्या सगळ्यावर काळी लाख फासायची आणि वाळल्यावर पाणी लावून घासत बसायचं. "कमी घासलं तर काहीच दिसत नाही," तो म्हणे, "आणि जास्त घासलं तर होतं तेही जातं." हे ऐकताना दियेपला वाटे की या माणसाला आपण आतून ओळखतो. आपल्या नवऱ्यालाही कधी इतकं ओळखलं नव्हतं.

गेली दोन वर्षं लाम एकाच मोठ्या फळीवर काम करत होता. रोज टपरीवर तिची खबर यायची. आज कवचं बसवली, उजवीकडे खाली, तांदळाएवढे तुकडे. आज डावीकडे वर चांदी.

"चांदी लावलीस की खाल्लीस? गाल बघ कसे चमकतायत," क्वी म्हणे.

"जळ तू, जळ. अरे, तुझ्या लाकडाला वाळवी लागेल तेव्हा माझी फळी लोक रांग लावून बघतील."

"पण दादा, चित्र कसलं आहे ते तरी सांग," दियेप विचारी.

"घासल्यावर कळेल."

फळी कुणी पाहिली नव्हती. लाख वाळते ती ओलसर बंद कपाटात, आणि ते कपाट दुसऱ्या कुणी उघडायचं नाही, धूळ बसते. हा त्यांच्या कामातला नेमच, त्यामुळे कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

आणि एका सकाळी लाम न्हाणीत कोसळला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. इस्पितळातल्या डॉक्टरांनी थोड्याच दिवसांत हात टेकले आणि म्हणाले, घरी न्या. घरी न्या म्हणजे काय ते सगळ्यांनाच कळतं. लामच्या बायकोने, होआईवहिनींनी, पुढच्या खोलीत भिंतीला लागून खाट टाकली आणि त्या चमच्याने पेज भरवू लागल्या. निम्मी पेज उशीवरच सांडे.

दियेप रोज दुकान अर्धं बंद ठेवून जाई. लामचा डावा हात तेवढा हलत होता. तळवा चादरीवर सारखा इकडून तिकडे, इकडून तिकडे. वहिनींना वाटलं पाठ दुखतेय, त्यांनी तेल चोळलं. मुंग्या येत असतील म्हणून शेजारणीने हात दाबून धरला, तर तो घशातून असा ओरडला की ती पळालीच.

दियेप त्या हाताकडे बघत बसली होती. एकदम ताडकन उठली. "वहिनी! अहो, घासतोय तो! फळी घासतोय!"

वहिनी पेज ढवळत होत्या. "हात चाळवला असेल ग. राहू दे."

"चाळवला कसला? त्याचा जीव त्या चित्रात अडकलाय. बघायचंय त्याला!"

"राहू दे म्हणते ना."

दियेपच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जन्मभर या माणसाशी संसार केला आणि बाईला त्याचा हात वाचता येऊ नये! ती तडक क्वीकडे गेली. क्वीने साफ नाही म्हटलं. "मी कोरणारा माणूस. दुसऱ्याची लाख घासायची म्हणजे दुसऱ्याच्या पोराचं ऑपरेशन करण्यासारखं आहे, गोळीबाई. चुकलं तर?"

"तो चाललाय, क्वी! आज पेजही गिळली नाही. चुकलं तर चुकलं. कुठे काय घातलंय ते मला तोंडपाठ आहे, दोन वर्षं ऐकतेय. तू नुसता ये. मी तुझ्या पाया पडते." आणि ती खरंच खाली वाकली. क्वी घाबरून उठला आणि चप्पल शोधू लागला.

लामच्या घरी वहिनी दारातच उभ्या होत्या. "अग, नको. कशाला त्यांना त्रास?" त्यांचा आवाज रडवेला होता, पण ऐकतं कोण? दियेपने कोनाड्यातली किल्ली घेतली, दोघांनी कपाट उघडलं, फळी उचलून आणली आणि खाटेच्या पायथ्याशी दोन स्टुलांवर टेकवली. काळीभोर, विहिरीतल्या पाण्यासारखी. खोलीतल्या सगळ्यांची तोंडं तिच्यात दिसत होती.

लामचे डोळे विस्फारले. घशातून आवाज येऊ लागला, हात चादरीवर झपाझप फिरू लागला.

"बघ, बघ, किती आनंद झालाय त्याला!" दियेप म्हणाली. तिचे डोळे भरून आले. वहिनी पाठ फिरवून स्वयंपाकघरात गेल्या.

तिने कपाटातला घासायचा खरखरीत कागद पाण्यात बुडवला आणि डावीकडे वर, चांदी होती तिथे, घासायला लागली. हलक्या हाताने, तो सांगायचा तसं. काळं पाणी ओघळलं. पुसलं, तर खाली काळंच. पुन्हा घासलं, पुन्हा काळं. "थर जाड दिलाय," ती म्हणाली. मग जोर लावला. काळं संपलं आणि मातकट तपकिरी अस्तर लागलं.

"जास्त झालं! थांब!" क्वीने कागद हिसकावला. "कवचं कुठे म्हणाला होता?"

"उजवीकडे खाली."

क्वी घासू लागला. काळं, मग तपकिरी, मग अस्तराच्या कापडाची वीण. त्याने मधोमध घासलं, वर घासलं. कपाळावरून घाम फळीवर टपकत होता. शेवटी एका जागी पांढरं लाकूड उघडं पडलं, आणि तो कागद हातात धरून तसाच बसला.

फळीत काही नव्हतं. कधीच नव्हतं.

दियेपला आता एकेक आठवू लागलं आणि प्रत्येक आठवणीने तिला चपराक बसली. गेली दोन वर्षं हा माणूस चहाचा ग्लास डाव्या हाताने धरत होता. बिया फोडायच्या सोडून ओठात नुसत्या चघळत होता. रक्तदाबाच्या गोळ्या तिच्याच दुकानातून नेत होता. ती औषधवाली! आणि ती बसली होती चांदीच्या गोष्टी ऐकत, तोंडाचा आ करून. ज्या हाताला ग्लास धरवत नाही तो हात तांदळाएवढं कवच कसं बसवणार, हे एकदाही तिच्या डोक्यात आलं नाही.

तिने वळून लामकडे पाहिलं. हात अजून फिरत होता, आणि आता तो तिला वाचता आला. तो घासत नव्हता. उघडू नका, नको, नको. पहिल्या दिवसापासून तो हेच सांगत होता.

ती स्वयंपाकघरात धावली. वहिनी चुलीपाशी नुसत्याच उभ्या होत्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"दोन वर्षांत या घरात बदकाचं अंडं फुटलं नाही," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. "स्वयंपाक कोण करतं इथे? ह्यांना भाताचा वाडगा धरवेना, सगळं मला दिसत होतं. हे बोलले नाहीत, मी विचारलं नाही. दिवसभर त्या कपाटासमोर बसून असायचे. पण टपरीवरून आले की दोन घास जास्त जेवायचे. तेवढ्यासाठी मी गप्प बसले."

"मग मला सांगायचंत ना!"

"राहू दे म्हणाले की मी ग. किती वेळा म्हणाले. पण तुला त्यांचं काम कळत होतं."

दियेप परत आली तेव्हा लामने तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. कसं फिरवलं कोण जाणे, अर्धं अंग तर मेलेलं. हात थांबला होता. क्वी फळीकडे बघत होता, त्याची बोटं काळी झाली होती.

दियेपला वाटलं, आत्ताच्या आत्ता जमीन दुभंगावी. तिने ओठ ओले केले. "लामदादा," ती म्हणाली, "चांदी दिसायला लागली रे. डावीकडे वर."

क्वीने मान वर केली. तिच्याकडे पाहिलं, लामच्या पाठीकडे पाहिलं. "चांदी कसली? कथील आहे ते," तो म्हणाला. "दुकानदाराने फसवलंय याला. आणि कवचं बघ, केवढाली! तांदूळ म्हणे. हे तर वाटाणे आहेत."

"तुला काय कळतंय? शेंदरी बघ ना खालून कसा..." तिला पुढे शब्द सुचेना. "कसा आलाय."

पाठ हलली नाही. दोघं बोलत राहिले, एकमेकांना तोडत, खोटं खोटं भांडत, आणि प्रत्येक वाक्य बेचव चिंगमासारखं तोंडात फिरत होतं. शेवटी क्वीचा आवाज फाटला आणि दोघं गप्प झाले.

वहिनी पेजेचा वाडगा घेऊन आल्या. खाटेवर गुडघा टेकून त्यांनी भिंतीच्या बाजूने वाकून नवऱ्याचा चेहरा पाहिला. बराच वेळ पाहिला. काय दिसलं ते सांगितलं नाही.

"थांबलात का?" त्या म्हणाल्या. "बोला ना."